काळ्या शाईतल्या चार ओळी

मिस्त्रास
६ ऑक्टोबर, जगाच्या निर्मितीपासूनचे ६८७४ वे वर्ष

युफिमियास,

आज चाळिसावा दिवस झाला. सकाळी गहू शिजवले, त्यात डाळिंबाचे दाणे आणि बदाम घातले आणि देवळात नेले. सतरा जण आले होते. पाद्रीबाबांनी नाव घेतले, गहू वाटून झाले, लोक घरोघर गेले. मी थाळा घासून पालथा घातला आणि दुपारी कामाला बसले.

तुझे भावोजी गेल्याचे मावशीकडून तुला कळलेच असेल. मी मुद्दामच कळवले नव्हते. अठ्ठावीस ऑगस्टला, भर दुपारी, कारंज्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवरून ते पडले. पाऊस नव्हता. पायऱ्या कोरड्या होत्या, ऊन लख्ख होते. डोक्याला मार लागला. संध्याकाळपर्यंत होते, पण बोलले नाहीत.

पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे.

वरच्या मठातल्या बायकांसाठी ते संतचरित्रांचे पुस्तक उतरवून काढत होते, हे तुला माहीत आहे. त्यांचे जुने पुस्तक फाटत आले आहे, जेवताना रोज तेच वाचतात. ते नमुन्यादाखल इथे होते. ऑगस्टच्या सणाआधी नक्कल पुरी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी यांनी जुने पुस्तक मठाच्या माणसाबरोबर परत पाठवले. नव्या पुस्तकाचे सुटे गठ्ठे मी शिवून, फळ्यांत बांधून द्यायचे होते. नाताळचा उपवास पंधरा नोव्हेंबरला सुरू होतो, त्या दिवशी त्यांना नवे पुस्तक वाचायला घ्यायचे आहे. चाळीस दिवस मी त्याला हात लावला नव्हता. आज लावला.

पुस्तक संपले की शेवटी दोन ओळी लिहायची त्यांची रीत तुला ठाऊक आहे. लिहिणारे सगळेच लिहितात. बारा-बारा अक्षरांच्या ओळी, लाल शाईत, मजकुरापासून वेगळ्या: हे कोणी लिहिले, आणि वाचणाऱ्याने त्याच्यासाठी प्रार्थना करावी. यांच्या एकतीस पुस्तकांत त्या दोन ओळी एकच आहेत.

पापी प्रोकोपिस याने हे लिहिले
रेघा अनिसियेच्या, अक्षरे माझी

मला काव्य कळत नाही, पण बारा मोजता येतात. लिहिण्याआधी चामड्याच्या पानांवर टोकाने रेघा मारायचे काम माझे, म्हणून माझे नाव. नमुन्याच्या पुस्तकात आधीच्या लिहिणाऱ्याच्या अशा ओळी असल्या तर ते त्या सोडून द्यायचे. एकदा मी विचारले होते, तेव्हा म्हणाले होते, "त्याचं मागणं त्यानं मागितलं. मी कशाला मागू?" एकतीस पुस्तकांत त्यांनी दुसऱ्याची एक ओळ उतरवली नाही.

या बत्तिसाव्या पुस्तकाच्या शेवटी त्यांच्या दोन ओळी नाहीत. माझे नाव नाही. त्यांचेही नाही. त्यांच्या हातच्या दुसऱ्याच चार ओळी आहेत. त्या लाल शाईत नाहीत, वेगळ्याही काढलेल्या नाहीत. शेवटच्या संताच्या चरित्रातले "आमेन" संपते आणि त्याच काळ्या शाईत, त्याच ओळीत त्या पुढे सुरू होतात. घाईने पान उलटणाऱ्याच्या नजरेस पडू नयेत अशा.

परक्या दारी मी लिहिले हे सारे
युफिमियेसाठी, जी दूर राहिली
वाचका, मागणे माग दोघांसाठी
काय चुकले ते देवाला ठाऊक

तुला घरातून जाऊन या पेन्टेकॉस्टला, ईस्टरनंतरच्या सणाला, वर्ष झाले. तू दूर राहतेस. ही युफिमिया कोण, एवढेच मला कळव.

अनिसिया


१५ ऑक्टोबर

युफिमियास,

खेचरवाला मानुसोस काल तुमच्या मोनेम्वासियाहून परत आला. त्याच्याजवळ तुझे उत्तर नव्हते. मी विचारले, "पत्र हातात दिलंस ना?"

"हातातच दिलं, वहिनी. मावशीच्या नाही, तिच्याच."

"मग?"

"वाचलं. बसली. परत वाचलं. मला भाकरी दिली, ऑलिव्ह दिले, वर चीजचा तुकडा. म्हणाली, उत्तर पुढच्या खेपेला. चांगली आहे हो तुमची बहीण, अगदी तुमच्यासारखी नाही..." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "म्हणजे तुमच्यासारखीच, पण हसते."

तू अजून हसतेस हे कळले.

उत्तर द्यायला एवढा विचार लागतो, याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे. तरीही घाई नको म्हणून जे पाहिले तेवढेच लिहून ठेवते. बाबा दस्तऐवज लिहायचे तेव्हा म्हणायचे, आधी काय झाले ते लिही, कोण चुकले ते नंतर. मीही तसेच करते.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या पहिल्या आठवड्यात मठाचे जुने पुस्तक घरी आले. त्यानंतर कामाच्या खोलीचे दार बंद राहू लागले. आमच्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षे झाली होती, पण त्या दाराला कडी असते हे मला त्या महिन्यात कळले. आतून तुझा आवाज यायचा, हळू, सारखा, कोणी समजूत घालत असावे तसा. मी जिन्यात पाऊल टाकले की थांबायचा. जेवताना तू ताटाकडे बघायचीस. ते कोणाकडेच बघायचे नाहीत.

नंतर शेजारची अर्गिरी एकदा चुलीजवळ येऊन बसली. तिला तू ओळखतेसच. म्हणाली, "माझं काय जातंय म्हणा. पण घरात तरणी बहीण ठेवावी तर तिचं लग्न करून ठेवावी."

मी म्हटले, "लग्न करून ठेवली तर घरात कशाला राहील?"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि उठून गेली.

पेन्टेकॉस्टच्या आदल्या दिवशी मी बाजारातून येत होते. तुम्ही दोघे बाहेरच्या पायऱ्या उतरत होता. त्यांचा हात तुझ्या दंडावर होता. धरलेला होता, नुसता ठेवलेला नव्हता. तू त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत होतीस, आणि ते प्रत्येक पायरीला मान हलवत होते. मला पाहून तुझा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि जणू पाहिलेच नाही असे उभे राहिले. मी पाच पावलांवर होते.

त्या संध्याकाळी मी तुला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. तुला आठवत असेल. तू काही बोलली नाहीस. त्यांच्याकडे एकदा पाहिलेस आणि गाठोडे बांधायला गेलीस. तेही काही बोलले नाहीत. निरपराध माणसे बोलतात, असे मला तेव्हा वाटले आणि अजूनही वाटते.

तू गेल्यावर ते माझ्याशी वाईट वागले असे म्हणता येणार नाही. पण माझ्या तोंडाकडे बघायचे त्यांनी सोडले. बोलायचे ते माझ्या खांद्याशी. चामड्यावरच्या रेघा मला खोल मारायला लावू लागले. "अजून दाब," म्हणायचे, "अनिसिया, एवढा कसला जीव जातोय तुझा, दाब." मागून उलट्या बाजूला वळ उठायचे इतक्या खोल. आधी कधी त्यांनी माझ्या रेघांना नाव ठेवले नव्हते. फिरायला जाणे बंद केले. अर्गिरी म्हणाली, "तुझा नवरा काल मला भिंत समजून शेजारून गेला गं. मी हात वर केला होता, तो तसाच राहिला. लोक हसले." मला शरम वाटली. ज्याच्या मनात एक माणूस असते, त्याला बाकीचे दिसत नाहीत, असे मी धरून चालले.

हे सगळे पाहिलेले आहे. आता तू लिही.

अनिसिया


२७ ऑक्टोबर

युफिमियास,

तुझी चिठ्ठी काल, संत दिमित्रिओसच्या सणाच्या दिवशी, मिळाली. देवळातून आल्यावर वाचली. लहान आहे म्हणून ती इथे जशीच्या तशी उतरवते, म्हणजे मी काय वाचले हे तुला कळेल.

"ताई, त्या ओळी माझ्यासाठी नाहीत. मठाच्या जुन्या पुस्तकाचं शेवटचं पान बघ. बाकीचं मला सांगता येत नाही, भावोजींना शब्द दिला आहे. तू जेवतेस ना वेळेवर?"

शेवटचा प्रश्न नसता तर बरे झाले असते.

आता माझे ऐक. उसने आणलेले पुस्तक ते कोणाला हात लावू देत नसत. मलासुद्धा नाही. पाने मोजायची असली तरी स्वतः मोजायचे. त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर काय आहे ते तुला कसे ठाऊक? पुस्तक पहिल्या आठवड्यात आले आणि तू पेन्टेकॉस्टला गेलीस, म्हणजे तीन महिने. तीन महिन्यांत ज्या पुस्तकाला माझे बोट लागले नाही, ते तू शेवटपर्यंत चाळलेस. त्या खोलीत तू होतीस, हे तू आता स्वतःच्या अक्षरात लिहून दिले आहेस.

आणि शब्द. कसला शब्द? बायकोपासून लपवायचा शब्द मेहुणीकडून घेतात, तो कसला असतो?

तुझे म्हणणे मला समजते. जुन्या पुस्तकात त्याच चार ओळी असतील, यांनी त्या फक्त उतरवल्या, असे तुला सुचवायचे आहे. असतीलही. पण जो माणूस आयुष्यात दुसऱ्याची एक ओळ उतरवत नाही, तो नेमकी युफिमियेची ओळ उतरवतो आणि आपल्या बायकोचे नाव गाळतो, तर मला त्यात फार फरक दिसत नाही. दुसऱ्याच्या तोंडून बोलला, एवढेच. बिचारा सापडला असता तर म्हणाला असता, जुन्यात आहे तसे लिहिले.

तुला एक सांगायचे आहे. काल चिठ्ठी वाचून झाल्यावर मी खरवडायची सुरी घेतली आणि शेवटच्या पानावरचे "युफिमियेसाठी" खरवडून काढले. हात नीट चालला. एकाच ठिकाणी चामडे जरा पातळ झाले आहे. मजकूर वाचला तर आता कोणासाठी ते कळत नाही. मठातल्या बायकांनी वर्षानुवर्षे जेवणाच्या पंगतीत तुझे नाव घ्यावे आणि मी ते बांधून द्यावे, हे मला जमले नाही.

पुस्तक मानुसोसबरोबर पाठवणार होते. आता मी स्वतः जाणार आहे. जुन्या पुस्तकाचे शेवटचे पान बघायला. तिथे काही नसले तर मी तुला पुन्हा लिहिणार नाही.

अनिसिया


१० नोव्हेंबर

फिमी,

परवा सकाळी मठात गेले, काल संध्याकाळी आले. चढ पूर्वीइतका सोपा राहिला नाही. चेस्टनटची झाडे उघडी झाली आहेत, खाली फळांचा सडा, रानडुकरांनी उकरलेला. मानुसोसची खेचर त्याच्यावरून घसरत होती आणि तो तिला सारखा "अगं बाई, अगं महाराणी" म्हणत होता.

पुस्तकांचे काम मठातल्या आई मेलानीकडे आहे. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, तोंडाने तरतरीत. तिने मला स्वयंपाकघरात बसवले, चेस्टनट भाजून पुढे ठेवले, आणि नवे पुस्तक मांडीवर घेऊन एखादा भोपळा बघावा तसे ठोकून पाहिले.

"शिवण तुझी?"

"हो."

"चांगली आहे. तुझ्या नवऱ्याची अक्षरं आम्हाला आवडतात. ठळक. जेवताना ही निम्मी मंडळी चघळतात आणि निम्मी झोपतात, वाचणारीला अक्षर ठळक हवं." मग तिने थेट शेवटचे पान उघडले. सगळे मागूनच का बघतात कोण जाणे. "इथे काय झालं?"

"ओल लागली होती," मी म्हटले.

"ओलीला सुरीचं टोक असतं होय?"

  ती उठून आतून जुने पुस्तक घेऊन आली आणि माझ्यासमोर शेवटचे पान उघडून ठेवले.

त्या चार ओळी तिथे आहेत, फिमी. "युफिमियेसाठी, जी दूर राहिली." दोनशे वर्षांपूर्वीच्या कोणाच्या तरी हातच्या. लाल शाईत, भोवती छोट्या क्रुसांची चौकट, मजकुरापासून चार बोटे खाली.

"कोण ही?" मी विचारले.

"काय माहीत बाई. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नावसुद्धा टाकलं नाही, शहाणा. रोज जेवण झालं की आम्ही त्याच्यासाठी आणि हिच्यासाठी एक 'प्रभू दया कर' म्हणतो. एकीचं मत आहे बायको असेल, एकीचं मत आई. मी म्हणते खेचर असेल, घरी राहिलेली." ती हसली. मी हसले नाही, तेव्हा तिने माझ्याकडे नीट पाहिले.

मी तिला सांगितले की हे नेहमी दुसऱ्याच्या ओळी सोडून द्यायचे. मग या का उतरवल्या? मला वाटले, ती म्हणेल की विसरले असतील, थकले असतील.  दोन्ही पुस्तके तिने शेजारी शेजारी ठेवली आणि एकेक पान उलटू लागली. खूप वेळ लागला. मी चेस्टनट सोलत होते, खात नव्हते.

"हे बघ," ती म्हणाली. "प्रत्येक संताचं नाव आमच्या पुस्तकात लाल आहे. तुमच्या पुस्तकात पहिल्या पाच जणांचं लाल. सहाव्यापासून काळं. सगळी नावं काळी. शाई संपली होती का?"

"नाही. लाल शाईची कुपी भरलेली आहे. मी कालच पुसून ठेवली."

"मग त्याला लाल दिसत नव्हतं," ती म्हणाली. इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मला आधी कळलेच नाही. "आमच्या आधीच्या मोठ्या आईचं असंच झालं. डोळ्यांवर साय धरली. पान नाकाला लावलं की अक्षर दिसायचं, एकेक, पण रंग गेला, लाल न् काळं एकच. आणि मी दारात उभी राहिले तर विचारायच्या, कोण गं, माणूस की खांब? तुझ्या नवऱ्यानं 'आमेन' लिहिलं, पुढे अजून अक्षरं दिसली, लिहीत गेला. पुस्तक कुठे संपलं तेच त्याला कळलं नाही, मग स्वतःच्या ओळी कुठे घालणार?"

मी तिला म्हटले, मी त्या माणसाबरोबर एका घरात राहत होते. मला समजले नसते का?

"तूच सांग," ती म्हणाली.

मी तिथे काही सांगितले नाही. तुला सांगते. रेघा खोल हव्या होत्या, कारण ते त्या बोटाने चाचपून लिहीत होते. माझा तोंडवळा त्यांना दिसत नव्हता, म्हणून ते माझ्या आवाजाच्या दिशेने बोलायचे, आणि मी त्यांच्याहून उंच असल्यामुळे त्यांची नजर माझ्या खांद्याशी यायची. अर्गिरी त्यांना खरोखरच भिंत वाटली. आणि त्या बंद दाराआड तू वाचत होतीस. जुने पुस्तक तू वाचायचीस आणि ते लिहायचे, म्हणून आवाज हळू, सारखा. तू होतीस तोवर, पहिल्या पाच संतांपर्यंत, नावे लाल आहेत, कारण कुठे शाई बदलायची ते तू सांगत होतीस. सहाव्यापासून तू इथे नव्हतीस.

तो हात तुझ्या दंडावर होता. तू पायऱ्या मोजून सांगत होतीस.

मला त्यांनी का सांगितले नाही, हे मी येताना वाटभर धरून होते. खाली उतरेपर्यंत उत्तर मिळाले, आणि ते सोपे आहे. मला सांगितले असते तर मी मठाला कळवले असते. म्हटले असते, ज्याला दिसत नाही त्याने पवित्र पुस्तक लिहू नये, चुका राहतील. मी तशी आहे. काम गेले असते, आणि लिहिणे सोडून त्यांना दुसरे काही येत नव्हते. हे त्यांना ठाऊक होते, तुला ठाऊक होते, आणि मला तुम्ही दोघांनी सांभाळून घेतले.

तू गेल्यावर त्यांचे पायऱ्या उतरणे कोणी मोजत नव्हते. पंधरा महिने त्यांनी स्वतः मोजले. अठ्ठावीस ऑगस्टला चुकले. माझ्यामुळे, असे लिहिल्याने काही होत नाही, पण न लिहिणे खोटे होईल.

आई मेलानी पान खरवडून साफ करून देते म्हणाली. "त्याच्या दोन ओळी मला सांग, आमची एक जण लिहील, चांगलं अक्षर आहे तिचं." मी नको म्हटले. म्हटले, पुस्तक घरी नेते, पान दुरुस्त करून आणते. तिने बोट वर केले. "चौदाच्या संध्याकाळच्या आत. पंधराला आम्ही वाचायला बसणार, तू कितीही रडलीस तरी." मी रडले नव्हते. तसे तिला सांगितले, तर म्हणाली, "बरं, मग खाली जाऊन रड, आणि चेस्टनट घेऊन जा, पिशवीभर."

एक विचारायचे आहे आणि विचारायला लाज वाटते. तू शेवटचे पान पाहिलेस तेव्हा त्यांना त्या ओळी वाचून दाखवल्या होत्यास का? शेवटी लिहिताना त्यांना ते नाव ओळखू आले असेल का? बघ, अजून माझी शंका जात नाही. एवढे होऊनही. आता तुझा शब्द ज्याला दिला होता तो नाही, तरी तुला सांगायचे नसेल तर सांगू नकोस. मी पुन्हा विचारणार नाही.

जेवते मी वेळेवर.

अनिसिया


१२ नोव्हेंबर

फिमी,

पान सकाळी दारात उजेडाला घेऊन बसले. चार ओळी मी राहू देणार आहे. मला त्या खरवडता आल्या असत्या. पण मग तिथे त्यांच्या हातची शेवटची अक्षरे उरली नसती, आणि दोनशे वर्षे कोणीतरी जे म्हणत आले ते माझ्या सुरीने थांबले असते. आई मेलानीला मी निघतानाच विचारले होते की 'प्रभू दया कर' म्हणताना पंगतीतल्या बायकांनी कोणती युफिमिया मनात धरायची याचा काही नियम आहे का. ती म्हणाली, नाही.

चामडे खरवडल्या जागी खरखरीत झाले होते. झामक या हलक्या, भोकाभोकांच्या दगडाने घासले, वरून जरासा खडू चोळला, नाहीतर शाई फुटते. मी आजवर पुस्तकात एक अक्षर लिहिलेले नाही. बाबांनी दोघींना अक्षरे शिकवली, पण ती हिशोबाची आणि पत्राची. पुस्तकातले अक्षर वेगळे असते, ते बसलेले असते. आधी एका तुकड्यावर सात वेळा तुझे नाव काढून पाहिले. सातवेही बसले नाही. मग पानावर काढले. लाल शाईत. त्यांच्या काळ्या ओळीत माझे लाल आणि जरा वाकडे उभे आहे. कोणालाही कळेल की इथे दुसऱ्याचा हात लागला. कळू दे.

खाली जागा होती. त्यांच्या दोन ओळी त्यांच्याच शब्दांत लिहिणार होते. "पापी प्रोकोपिस याने हे लिहिले," हे लिहिले. पुढची ओळ "रेघा अनिसियेच्या, अक्षरे माझी" अशी आहे, आणि ते आता खरे नव्हते. मला ओळी रचता येत नाहीत, तरी बोटांवर मोजत तासभर बसले. बारा अक्षरांत बसेना. शेवटी बाराचा नाद सोडला आणि बाबांच्या दस्तऐवजातल्यासारखे साधे लिहिले: "त्याला दिसत नसताना बायकोच्या बहिणीने वाचून दाखवले. बायकोला उशिरा कळले. तिघांसाठी मागा." हे काव्य नाही. आई मेलानीला चालेल की नाही ते चौदाला कळेल.

मानुसोस उद्या मोनेम्वासियाला निघतो आहे. हे पत्र आणि परवाचे, दोन्ही तो एकत्र आणेल. त्याला सांगितले आहे की उत्तरासाठी थांबू नकोस. परत येताना त्याच्या दोन खेचरांपैकी एकीवर ओझे असते, दुसरी रिकामीच येते. हे मी तुला नुसते कळवते आहे. तुझी खोली झाडलेली आहे, पण ती मी दर शनिवारी झाडतेच.

शाई वाळायला वेळ लागतो, लाल जास्त. पान उघडे ठेवून त्याच्या दोन्ही कडांवर दगड ठेवले आहेत. तोवर मी मसूर निवडायला घेते.

अनिसिया